विल्यम थॉमस टट

विल्यम थॉमस टट (१४ मे, १९१७ – २ मे, २००२) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेले गणितज्ञ व सांकेतिक लिपीचे अभ्यासक होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्कराच्या सर्वोच्च पातळीवरील संदेशांसाठी वापरल्या जाणाऱ्या लॉरेंझ यंत्राची रचना त्यांनी ते यंत्र न पाहता, केवळ कागद-पेन्सिलीच्या आधारे शोधून काढली. युद्धानंतर त्यांनी आलेख सिद्धांत आणि मॅट्रॉइड सिद्धांत या शाखांमध्ये मूलभूत संशोधन केले. आलेखातील परिपूर्ण जुळणीविषयीचे त्यांचे १९४७ मधील प्रमेय आणि त्यासोबत पुढे आलेले टट मॅट्रिक्स यांवर समांतर संगणनातील जुळणीच्या अल्गोरिदमांची एक मोठी परंपरा उभी आहे. युद्धकाळातील त्यांचे काम अर्ध्या शतकाहून अधिक काळ गोपनीय राहिले.

बालपण आणि शालेय शिक्षण

टट यांचा जन्म इंग्लंडच्या सफक परगण्यातील न्यूमार्केट या घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. त्यांचे वडील माळीकाम करीत, तर आई घरकामाची व्यवस्था पाहणारी नोकरी करीत असे. वडिलांच्या नोकरीनुसार कुटुंबाला काही वर्षे जागा बदलाव्या लागल्या. पुढे ते न्यूमार्केटजवळच्या चेव्हली या खेड्यात स्थिरावले. तेथील चर्चच्या शाळेत टट यांचे प्राथमिक शिक्षण झाले.

दहा वर्षांचे असताना त्यांनी केंब्रिज येथील माध्यमिक शाळेची शिष्यवृत्ती मिळवली. तथापि एवढ्या लहान मुलाला रोज इतक्या लांब पाठवणे आई-वडिलांना योग्य वाटले नाही आणि ती संधी हुकली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा शिष्यवृत्ती मिळवली, आणि या वेळी त्यांना परवानगी मिळाली. त्यानंतरची सर्व शालेय वर्षे ते सायकल व रेल्वेने रोज केंब्रिजला ये-जा करीत राहिले. शाळेच्या ग्रंथालयात त्यांना डब्ल्यू. डब्ल्यू. राऊज बॉल यांचे गणिती रंजनावरील पुस्तक मिळाले. नकाशा चार रंगांत रंगवण्याचा प्रश्न, आलेखांवरील कोडी यांसारखे विषय त्यांना या पुस्तकातून प्रथम कळले.

केंब्रिज आणि चौरसांचे कोडे

१९३५ मध्ये टट केंब्रिज विद्यापीठाच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. त्यांचा औपचारिक विषय गणित नव्हता. त्यांनी निसर्गविज्ञान घेतले, रसायनशास्त्रात विशेष अभ्यास केला, १९३८ मध्ये प्रथम श्रेणीत पदवी मिळवली आणि भौतिकी रसायनशास्त्रात पदव्युत्तर संशोधन सुरू केले. मात्र ट्रिनिटीच्या गणित मंडळात त्यांची नियमित उपस्थिती असे. तेथे लिओनार्ड ब्रुक्स, सेड्रिक स्मिथ आणि आर्थर स्टोन या गणिताच्या तीन विद्यार्थ्यांशी त्यांची मैत्री झाली.

या चौघांनी एक कोडे हाती घेतले: एखादा चौरस परस्परांहून भिन्न आकाराच्या लहान चौरसांत, मोकळी जागा न सोडता, विभागता येईल का? त्यांनी या भौमितिक प्रश्नाचे विद्युत्‌मंडलात रूपांतर केले. आयताचे चौरसांत विभाजन केले असता प्रत्येक आडवी रेघ म्हणजे मंडलातील एक जोडबिंदू, प्रत्येक लहान चौरस म्हणजे एक एकक रोधाची तार, आणि चौरसाची बाजू म्हणजे त्या तारेतून वाहणारा प्रवाह असे मानले, की किरखॉफचे नियम आपोआप लागू पडतात. अशा रीतीने चौरसांच्या कोड्याचा अभ्यास आलेखांच्या अभ्यासात बदलला. त्यांचा शोधनिबंध १९४० मध्ये ड्यूक मॅथेमॅटिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. असा पहिला चौरस प्रसिद्ध करण्याचा मान त्याआधीच १९३९ मध्ये बर्लिनच्या रोलांड श्प्राग यांच्याकडे गेला होता. परंतु केंब्रिजच्या चौघांची पद्धत अधिक व्यापक होती आणि ती आजही वापरली जाते. हे चौघे ‘ब्लांश देकार्त’ या काल्पनिक नावानेही लेखन करीत.

ब्लेचली पार्क

युद्ध सुरू झाल्यावर टट यांचे महाविद्यालयीन मार्गदर्शक पॅट्रिक डफ यांनी त्यांचे नाव ब्रिटिश सरकारच्या सांकेतिक लिपी विभागाला सुचवले. लंडनमधील प्रशिक्षणानंतर १९४१ मध्ये ते ब्लेचली पार्क येथील संशोधन विभागात रुजू झाले. सुरुवातीला त्यांच्याकडे इटालियन नौदल वापरत असलेल्या हॅगेलिन यंत्राच्या संकेतांचे काम होते.

त्या काळात जर्मन सैन्याच्या दोन प्रकारच्या यंत्रांचे संकेत ब्रिटिशांना ऐकू येत होते. एनिग्मा हे यंत्र रणभूमीवरील नेहमीच्या संदेशांसाठी होते. दुसरे यंत्र टेलिप्रिंटरला जोडलेले होते आणि त्यावरून बर्लिन व विविध आघाड्यांवरील सेनापती यांच्यातील दीर्घ, धोरणात्मक पत्रव्यवहार चाले. ब्लेचली पार्कमध्ये अशा टेलिप्रिंटर-संदेशांना मासे म्हणत आणि या विशिष्ट यंत्राला टनी हे माशाचेच टोपणनाव होते. लॉरेंझ कंपनीने बनवलेले हे यंत्र कोणत्याही ब्रिटिश तज्ज्ञाने पाहिले नव्हते.

एक चूक आणि चार हजार अक्षरे

३० ऑगस्ट, १९४१ रोजी अथेन्सहून व्हिएन्नाला पाठवलेला सुमारे ४,००० अक्षरांचा एक संदेश नीट पोहोचला नाही. तो पुन्हा पाठवण्याची मागणी झाली. पाठवणाऱ्याने नियम मोडून यंत्राची चक्रे पहिल्याच स्थितीत ठेवली आणि मजकूर पुन्हा टंकला; मात्र या वेळी काही शब्द त्याने संक्षिप्त केले. एकाच कळमालेने झाकलेले, पण किंचित वेगळे असे दोन मजकूर ब्रिटिशांच्या हाती आले. ब्लेचली पार्कमधील ज्येष्ठ तज्ज्ञ जॉन टिल्टमन यांनी हे दोन्ही मजकूर हाताने उकलले. त्यामुळे मूळ संदेश मिळालाच, शिवाय यंत्राने निर्माण केलेल्या कळमालेची सुमारे ४,००० अक्षरेही मिळाली.

ही कळमाला कोणत्या नियमाने तयार झाली हे मात्र कोणालाही सांगता येईना. अखेर ती तरुण टट यांच्याकडे सोपवण्यात आली.

यंत्राचा उलगडा

टेलिप्रिंटरमध्ये प्रत्येक अक्षर पाच स्पंदांनी दर्शवले जाते. प्रत्येक स्पंद असतो किंवा नसतो. टट यांनी पाचांपैकी फक्त पहिल्या स्पंदाची माला घेतली आणि ती चौकटींच्या कागदावर ठरावीक लांबीच्या ओळींत लिहून पाहिली. ओळीची लांबी यंत्रातील एखाद्या आवर्तनाशी जुळली, तर एकाखाली एक सारखी चिन्हे येतील अशी यामागील कल्पना होती.

कोणती लांबी घ्यावी, हे ठरवण्यासाठी त्यांनी संदेशाच्या सुरुवातीच्या बारा सूचक अक्षरांकडे पाहिले. त्यांपैकी अकरा स्थानी २५ अक्षरे येत, तर एका स्थानी २३ च. म्हणून त्यांनी २५ गुणिले २३, म्हणजे ५७५ ही लांबी घेतली. अपेक्षेप्रमाणे उभी पुनरावृत्ती दिसली नाही. परंतु तिरप्या रेषेत ती दिसली. याचा अर्थ लांबी एकाने कमी, ५७४ हवी होती. ५७४ चा सर्वांत मोठा अविभाज्य अवयव ४१ आहे. टट यांनी माला ४१ च्या ओळींत लिहिली आणि पुनरावृत्ती ठळकपणे समोर आली. यंत्रात ४१ स्थानांचे एक चक्र असलेच पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

पण केवळ या एका चक्राने माला पूर्णपणे स्पष्ट होत नव्हती. टट यांनी दाखवले, की प्रत्येक स्पंदावर दोन चक्रांचा परिणाम एकत्रित होतो: एक चक्र प्रत्येक अक्षरागणिक पुढे सरकते, तर दुसरे कधी सरकते, कधी थांबते. त्यांनी या दोन प्रकारांना ग्रीक अक्षरांवरून काय आणि साय अशी नावे दिली. त्यानंतर संशोधन विभागातील इतर सहकारी उरलेल्या चार स्पंदांच्या कामाला लागले. जानेवारी १९४२ पर्यंत संपूर्ण रचना हाती आली: पाच काय चक्रे, पाच साय चक्रे आणि साय चक्रांची हालचाल ठरवणारी दोन नियंत्रक चक्रे, अशी एकूण बारा. प्रत्यक्ष यंत्र ब्रिटिशांना युद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये पाहायला मिळाले.

सांख्यिकी पद्धत आणि कलॉसस

रचना कळली तरी दररोजचे संदेश उकलण्याचा प्रश्न शिल्लक होता. आरंभी हे काम जर्मन चालकांच्या चुकांवर अवलंबून होते. त्या चुका कमी होऊ लागल्यावर नवी पद्धत शोधणे भाग पडले. नोव्हेंबर १९४२ मध्ये टट यांनी ती शोधली. ॲलन ट्युरिंग यांनी त्याच वर्षी मांडलेली लगतच्या अक्षरांमधील फरक घेण्याची कल्पना टट यांनी पुढे नेली. पहिल्या दोन स्पंदांतील फरकांची बेरीज पाहिली आणि त्यातून काय चक्रांचा परिणाम बरोबर वजा झाला असेल, तर एक विशिष्ट चिन्ह निम्म्यापेक्षा थोडे अधिक वेळा येते, असे त्यांच्या लक्षात आले. चक्रांची स्थिती चुकीची असेल तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपासच राहते.

पहिल्या चक्राच्या ४१ आणि दुसऱ्याच्या ३१ स्थितींमुळे एकूण १,२७१ शक्यता तपासाव्या लागत, आणि प्रत्येक शक्यतेसाठी हजारो अक्षरांचा संदेश आरंभापासून अखेरपर्यंत मोजावा लागे. हाताने हे अशक्य होते. मॅक्स न्यूमन यांनी त्यासाठी यंत्र बनवण्याचा प्रस्ताव मांडला. १९४३ मध्ये आलेल्या हीथ रॉबिन्सन या यंत्रात दोन छिद्रित कागदी पट्ट्या वेगाने एकत्र फिरवाव्या लागत आणि त्यांचा मेळ वारंवार बिघडे. टपाल खात्याच्या संशोधन केंद्रातील अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी चक्रांचे नमुने निर्वात नलिकांच्या साहाय्याने यंत्राच्या आतच निर्माण करण्याची योजना आखली. त्यातून कलॉसस हा संगणक तयार झाला. तो जानेवारी १९४४ मध्ये ब्लेचली पार्कला पोहोचला आणि फेब्रुवारीत काम करू लागला. पट्टी वाचण्याचा त्याचा वेग सेकंदाला ५,००० अक्षरे होता.

१ जून, १९४४ रोजी सुरू झालेल्या सुधारित कलॉससमध्ये सुमारे २,४०० नलिका होत्या. पट्टी अधिक वेगाने फिरवली तर फाटत असे. म्हणून फ्लॉवर्स यांनी वेग न वाढवता एकाच वेळी पट्टीवरील पाच लागोपाठच्या स्थानांवर गणना करण्याची सोय केली. परिणामी प्रत्यक्ष वेग सेकंदाला २५,००० अक्षरांपर्यंत गेला. इलेक्ट्रॉनिक यंत्रात समांतर संगणन वापरल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. नॉर्मंडीवरील चढाई त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी झाली. युद्ध संपेपर्यंत दहा कलॉसस कार्यरत होते. ते बांधण्यामागे जी गणना होती, तिचा पाया टट यांच्या सांख्यिकी पद्धतीने घातला होता.

युद्धोत्तर केंब्रिज आणि जुळणीचे प्रमेय

ब्लेचली पार्कमध्ये असतानाच, १९४२ मध्ये, टट यांची ट्रिनिटी महाविद्यालयाचे फेलो म्हणून निवड झाली होती. १९४५ च्या अखेरीस ते केंब्रिजला परतले, या वेळी रसायनशास्त्र सोडून गणिताचे विद्यार्थी म्हणून. त्यांचे मार्गदर्शक शॉन वायली हेही ब्लेचली पार्कमधील सहकारी होते. १९४८ मध्ये त्यांनी आलेखांच्या बैजिक सिद्धांतावर पीएच.डी. मिळवली.

ही तीन वर्षे विलक्षण फलदायी ठरली. १९४६ मध्ये त्यांनी ४६ शिरोबिंदूंचा एक आलेख रचून पी. जी. टेट यांचे १८८४ पासूनचे अनुमान खोटे ठरवले. प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन कडा असलेल्या बहुपृष्ठकावर सर्व शिरोबिंदूंतून एकदाच जाणारा बंद मार्ग नेहमी असतो, असे ते अनुमान होते. ते खरे असते, तर चार रंगांचे प्रमेय त्यातून सहज सिद्ध झाले असते.

१९४७ मध्ये टट यांनी परिपूर्ण जुळणीचे प्रमेय प्रसिद्ध केले. येथे आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्यांतील काही जोड्यांना जोडणाऱ्या कडा. जुळणी म्हणजे अशा कडांचा संच, ज्यात कोणताही बिंदू दोनदा येत नाही. सर्वच बिंदू जोडीदारासह सामावले गेले, तर ती परिपूर्ण जुळणी होय. माणसे आणि कामे यांसारख्या दोन गटांमधील जुळणीचा प्रश्न डेनेश क्योनिग आणि फिलिप हॉल यांनी १९३० च्या दशकात सोडवला होता. पण गट नसलेल्या, कोणालाही कोणाशीही जोडता येईल अशा सर्वसाधारण आलेखासाठी उत्तर नव्हते.

टट यांची कसोटी अशी: आलेखातून काही बिंदू काढून टाकावेत आणि उरलेल्या आलेखाचे सुटे तुकडे पाहावेत. ज्या तुकड्यात बिंदूंची संख्या विषम आहे, त्यातील सर्व बिंदू आपापसांत जुळू शकत नाहीत; निदान एकाला काढलेल्या बिंदूंपैकी जोडीदार हवा. म्हणून विषम तुकड्यांची संख्या काढलेल्या बिंदूंपेक्षा जास्त असेल, तर परिपूर्ण जुळणी अशक्य आहे. उदाहरणार्थ, एक मध्यबिंदू व त्याला जोडलेले तीन बिंदू असतील, तर मध्यबिंदू काढताच तीन एकेकटे बिंदू उरतात आणि जुळणी होत नाही. इथवर गोष्ट सोपी आहे. टट यांनी याची उलट बाजू सिद्ध केली: असा अडथळा कुठेच नसेल, तर परिपूर्ण जुळणी नक्की असते. १८९१ मधील युलियस पेटरसन यांचे प्रसिद्ध प्रमेय यातून लगेच मिळते. १९५८ मध्ये क्लोद बेर्ज यांनी याचे जे व्यापक रूप दिले, ते टट–बेर्ज सूत्र म्हणून ओळखले जाते.

टट मॅट्रिक्स

या प्रमेयाच्या सिद्धतेत टट यांनी आलेखाला एक मॅट्रिक्स जोडले. प्रत्येक बिंदूसाठी एक ओळ आणि एक स्तंभ असतो. दोन बिंदूंमध्ये कड असल्यास तेथे एक स्वतंत्र चल लिहायचे, कर्णाच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण. कड नसल्यास शून्य. या मॅट्रिक्सचा निश्चयक ही चलांची एक बहुपदी असते. प्रत्येक परिपूर्ण जुळणीमुळे त्या बहुपदीत एक असे पद येते, जे दुसऱ्या कोणत्याही पदाने खोडले जात नाही. म्हणून निश्चयक सर्वथा शून्य नसणे आणि परिपूर्ण जुळणी असणे, या दोन गोष्टी समतुल्य ठरतात. १९४७ मध्ये हे केवळ सिद्धतेचे साधन होते. चल जास्त असल्याने ती बहुपदी पूर्ण लिहून काढणे व्यवहार्य नसते.

कॅनडातील कारकीर्द

१९४८ मध्ये भूमितिज्ञ एच. एस. एम. कॉक्सेटर यांच्या निमंत्रणावरून टट टोरोंटो विद्यापीठात गेले. १९४९ मध्ये त्यांचा डोरोथिया मिचेल यांच्याशी विवाह झाला. १९५४ मधील त्यांच्या शोधनिबंधातील दोन चलांची बहुपदी आज टट बहुपदी म्हणून ओळखली जाते. आलेख किती प्रकारे रंगवता येतो, त्यात सर्व बिंदूंना जोडणारे वृक्ष किती आहेत, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे या एकाच बहुपदीत सामावलेली असतात. सांख्यिकी भौतिकी आणि गाठींचा सिद्धांत या क्षेत्रांतही ती आढळते. त्याच निबंधातील पाच-प्रवाह अनुमान अद्याप सिद्ध झालेले नाही.

१९५६ मध्ये त्यांनी दाखवले, की चौपट संलग्न असलेल्या प्रत्येक प्रतलीय आलेखात सर्व बिंदूंतून जाणारा बंद मार्ग असतो. १९५८ व १९५९ मधील शोधनिबंधांतून त्यांनी मॅट्रॉइड सिद्धांताला आधुनिक रूप दिले. १९६३ मध्ये त्यांनी आलेख काढण्याची एक रीत मांडली: बाहेरची चौकट पक्की करावी आणि आतील प्रत्येक बिंदू आपल्या शेजाऱ्यांच्या बरोबर मध्यावर येईल असा ठेवावा. त्रिपट संलग्न प्रतलीय आलेख असेल, तर कडा एकमेकींना छेदत नाहीत.

१९६२ मध्ये ते ओंटारियोतील वॉटर्लू विद्यापीठात दाखल झाले. विद्यापीठ तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. १९६७ मध्ये तेथे चयन गणित व इष्टतमीकरणाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि टट यांच्यामुळे तो जगातील या विषयाचे एक प्रमुख केंद्र बनला. जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरियल थिअरी या १९६६ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाच्या संपादनाची धुराही त्यांनी सांभाळली. १९८५ मध्ये ते निवृत्त झाले.

जुळणी आणि समांतर संगणन

जुळणीच्या प्रश्नांची काठिण्यपातळी थोड्याशा फरकाने बदलते. दोनऐवजी तीन-तीन घटकांचे गट जुळवायचे ठरवले, तर प्रश्न एनपी-पूर्ण होतो. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये हे दाखवले. परिपूर्ण जुळण्या किती आहेत हे मोजणेही अतिशय कठीण असल्याचे लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले. याउलट साध्या आलेखात एक जुळणी शोधण्याची कार्यक्षम रीत जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्ये दिली. मात्र ती पायरीपायरीने चालते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या निकालावर उभी असते. हजारो प्रोसेसर उपलब्ध असले, तरी या रीतीत ते बहुतांशी रिकामे बसतात.

या ठिकाणी टट मॅट्रिक्स उपयोगी पडले. १९७९ मध्ये लास्लो लोवास यांनी सुचवले, की चलांच्या जागी यादृच्छिक संख्या घालाव्यात आणि निश्चयक काढावा. तो शून्येतर आला, तर परिपूर्ण जुळणी निश्चित आहे. शून्य आला, तर बहुधा नाही, आणि प्रयोग पुन्हा करून चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते. संख्यांच्या मॅट्रिक्सचा निश्चयक अनेक प्रोसेसरांवर अत्यंत जलद काढता येतो, हे लास्लो चांकी यांनी १९७६ मध्ये दाखवलेच होते. त्यामुळे जुळणी आहे की नाही, याचे समांतर उत्तर शक्य झाले.

प्रत्यक्ष जुळणी शोधणे अधिक अवघड होते. आलेखात अनेक परिपूर्ण जुळण्या असतील, तर वेगवेगळे प्रोसेसर वेगवेगळ्या जुळण्यांमधील कडा निवडतात आणि त्या एकत्र बसत नाहीत. रिचर्ड कार्प, एली अपफाल आणि अवी विग्डरसन यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर या प्रश्नाची पहिली यादृच्छिक समांतर रीत दिली. १९८७ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी केतन मुलमुले यांनी उमेश वझिरानी व विजय वझिरानी यांच्यासह अधिक सोपी रीत मांडली. प्रत्येक कडेला, कडांच्या संख्येच्या दुपटीपर्यंतचे एखादे यादृच्छिक पूर्णांकी वजन द्यायचे. मग सर्वांत कमी वजनाची परिपूर्ण जुळणी एकमेव असण्याची संभाव्यता निदान निम्मी असते. हा निष्कर्ष विलगीकरणाचे उपप्रमेय म्हणून ओळखला जातो. टट मॅट्रिक्समध्ये चलांऐवजी दोनचे वजनाइतके घात घातले, की निश्चयकावरून त्या एकमेव जुळणीचे वजन कळते, आणि प्रत्येक कड तीत आहे की नाही हे प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्रपणे तपासता येते. प्रोसेसरांना एकमेकांशी काही ठरवावे लागत नाही, तरी सर्वांचे उत्तर एकाच जुळणीचे असते.

यादृच्छिकतेविना हे साध्य होईल का, हा पुढचा प्रश्न होता. २०१६ मध्ये स्टीफन फेनर, रोहित गुर्जर आणि थॉमस थिरॉफ यांनी दोन गटांच्या आलेखांसाठी, आणि २०१७ मध्ये ओला स्वेन्सन व याकुब तार्नावस्की यांनी सर्वसाधारण आलेखांसाठी यादृच्छिकतेशिवाय समांतर रीत दिली. या रीतींना लागणारी प्रोसेसरांची संख्या मात्र बहुपदीय मर्यादेपेक्षा काहीशी जास्त आहे. ही उरलेली तफावत भरून काढण्याचा प्रश्न त्यानंतरही संशोधकांपुढे कायम राहिला.

गोपनीयता आणि उशिरा मिळालेली ओळख

युद्धानंतर बहुतेक कलॉसस मोडून टाकण्यात आले आणि तेथे काम केलेल्यांवर मौनाचे बंधन राहिले. १९७० च्या दशकात एनिग्माची कथा लोकांसमोर आली आणि ट्युरिंग यांचे नाव सर्वपरिचित होऊ लागले. परंतु टनीविषयीची माहिती आणखी दीर्घकाळ झाकलेली राहिली. वॉटर्लूमधील विद्यार्थी आणि सहकारी टट यांना आलेख सिद्धांताचे आचार्य म्हणूनच ओळखत. याचा एक परिणाम असा झाला, की इतिहासकारांच्या लेखनात लॉरेंझचे संकेत अनेकदा एनिग्मात मिसळले गेले आणि टट यांच्या वाट्याचे श्रेय नोंदले गेले नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कागदपत्रे खुली होऊ लागल्यावर टट यांनी आपल्या कामाविषयी बोलायला सुरुवात केली. १९९८ मध्ये वॉटर्लू येथे त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले. त्याच वर्षी ग्राफ थिअरी ॲज आय हॅव नोन इट हे त्यांच्या गणिती प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. टनीविषयीचा ब्रिटिश सरकारचा सविस्तर अधिकृत अहवाल २००० मध्ये जनतेसाठी उपलब्ध झाला. तो १९४५ मध्ये लिहिलेला होता.

वैयक्तिक जीवन आणि निधन

टट स्वभावाने मितभाषी होते. वॉटर्लूजवळच्या वेस्ट माँट्रोझ या खेड्यात ते पत्नीसह राहत. दोघांनाही पायी भटकंतीची आवड होती. त्यांना अपत्य नव्हते. १९९४ मध्ये डोरोथिया यांचे निधन झाल्यावर टट न्यूमार्केटला परतले. मात्र २००० मध्ये ते पुन्हा वॉटर्लूला आले. २ मे, २००२ रोजी, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या बारा दिवस आधी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वेस्ट माँट्रोझ येथे त्यांचे दफन करण्यात आले.

सन्मान

टट १९५८ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ कॅनडाचे आणि १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९८२ मध्ये त्यांना किलम पारितोषिक मिळाले. २००१ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडाच्या ऑफिसर या पदाने गौरवण्यात आले. २०१४ मध्ये त्यांच्या जन्मगावी, न्यूमार्केट येथे, त्यांच्या स्मरणार्थ शिल्प उभारण्यात आले. टट प्रमेय, टट मॅट्रिक्स, टट बहुपदी आणि टट आलेख ही नावे आलेख सिद्धांताच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाली आहेत.